सोनेरी झाडाचे शेवटचे फळ

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हे नाव २००१ ते २००३ या काळात आलेल्या तीन चित्रपटांमुळे आपल्या घरांतल्या मुलांनाही ठाऊक झाले. त्यात एका अरुंद पुलावर उभा राहिलेला म्हातारा गँडाल्फ स्वतःला गुप्त अग्नीचा सेवक म्हणवतो, आणि ज्याला तो अडवतो तो बॅलरॉग राक्षसही आगीचाच असतो. आगीने आगीची वाट अडवायची, हे काय गौडबंगाल आहे? कादंबरी याचा उलगडा करत नाही. तो लेखकाने साऱ्या आयुष्यभर लिहून अपुऱ्या ठेवलेल्या एका पुराणात सापडतो.

जॉन रोनाल्ड रूएल टोल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेनचा. वडील बँकेत होते. आई मेबल दोन मुलांना घेऊन इंग्लंडला आली असतानाच, १८९६ मध्ये ते तिकडे वारले. १९०० साली मेबलने कॅथलिक पंथ स्वीकारला. नातलगांनी पैशाची मदत बंद केली. चार वर्षांनी मधुमेहाने तिचा अंत झाला. इन्सुलिन अजून बरेच दूर होते. आईने श्रद्धेपायी देह झिजवला, असे बारा वर्षांच्या त्या मुलाच्या मनाने घेतले आणि ते अखेरपर्यंत पुसले गेले नाही. त्यांच्या लेखनातला पवित्र अग्नी मला या घरातूनच आलेला वाटतो.

ऑक्सफर्डचे शिक्षण, एडिथशी विवाह आणि लगेच १९१६ चे सोमचे रणांगण. चौघा जिवलग मित्रांपैकी दोघे त्या वर्षी मारले गेले. टोल्किन मात्र उवांमुळे होणाऱ्या ‘ट्रेंच फीवर’ने आजारी पडून मायदेशी परतले आणि त्या आजारपणाच्या काळातच त्यांनी आपल्या पुराणाच्या पहिल्या कथा लिहायला घेतल्या.

या पुराणात सृष्टिकर्त्याजवळ एक अविनाशी ज्योत आहे; तिच्यामुळेच कल्पनेला अस्तित्व लाभते. मेल्कोर नावाचा बंडखोर ती शोधत पोकळीत भटकतो, पण ती सापडत नाही. कारण ती कर्त्यापाशीच असते. तेव्हा तो जाळणारी, धुरकट आग पदरी बाळगतो. पुलावर समोरासमोर येतात त्या या दोन आगी. एक अस्तित्व देते, दुसरी फक्त गिळते. उतारवयात एका अमेरिकन प्राध्यापकाशी बोलताना टोल्किन यांनी गुप्त अग्नी म्हणजे पवित्र आत्मा, असे सांगितले होते.

सूर्याची गोष्ट याहून हळवी आहे. सूर्याआधी जगाला दोन झाडे उजेड देत, एक रुपेरी आणि एक सोनेरी. मेल्कोर एका राक्षसी कोळिणीच्या मदतीने ती मारतो. मरताना रुपेरी झाड एक फूल देते, त्याचा चंद्र होतो. सोनेरी झाड एक फळ देते, तो सूर्य. त्याचा सारथी आरिएन नावाची अग्निकन्या. (आपला सूर्य पुरुष, उत्तर युरोपच्या जुन्या पुराणांत मात्र तो स्त्री आहे.) म्हणजे आपण ज्याला प्रकाशाचे मूळ समजतो, तो इथे एका हरवलेल्या प्रकाशाचा उरलेला तुकडा आहे. आई आणि मित्र गमावलेल्या माणसाला सूर्य असा दिसावा, यात नवल नाही.

प्राध्यापक टोल्किन शब्दांचे वेडे. इथिओपियन लोकांसाठी प्राचीन इंग्रजीत असलेल्या एका शब्दावर त्यांनी १९३२ आणि १९३४ मध्ये दोन भागांत निबंध लिहिला. शब्दाच्या पूर्वार्धात त्यांना सूर्य आणि रत्न दिसले, उत्तरार्धात काजळीसारखे काळे, निखाऱ्याच्या डोळ्यांचे अग्निराक्षस. तेजोमय रत्ने आणि बॅलरॉग त्यांच्या कथांत तोवर येऊन गेले होते. शब्दाने कथा दिली की कथेने शब्दात आपला चेहरा पाहिला, कोण सांगणार!

१९५० च्या दशकाच्या अखेरीस मात्र त्यांना एका शंकेने घेरले. सूर्य पृथ्वीनंतर जन्मला, हे शिकलेल्या वाचकाला कसे पटावे? त्यांनी सूर्य आरंभापासूनच होता, अशी नवी मांडणी लिहून पाहिली. पण मग झाडांचे काय, रत्नांचे काय? एक वीट काढली की भिंत हलू लागे. मला विचाराल तर ही दुरुस्ती अनावश्यक होती. पुराणाकडे कोणी पंचांग म्हणून पाहत नाही. ग्रंथ पुरा न करताच २ सप्टेंबर १९७३ रोजी ते बोर्नमथ येथे वारले.

पुत्र ख्रिस्तोफर यांनी १९७७ मध्ये ‘द सिल्मरिलियन’ छापले, तेव्हा जुनीच कथा ठेवली. नव्या मांडणीची टिपणे १९९३ मध्ये वेगळ्या खंडात आली. छापील पुराणात सूर्य अजूनही सोनेरी झाडाचे शेवटचे फळ आहे.