सत्तर गुणांचा माणूस

माझ्या टेबलाच्या खणात एक तांब्याचे नाणे आहे. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन सेंट. आपल्या जुन्या चांदीच्या रुपयापेक्षा किंचित लहान, पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचा बंद केलेला. न्यू जर्सीला स्थायिक झालेल्या भाच्याने तो मला भेट म्हणून आणला. डबीवर आकडा छापला आहे : तीस. मामा इतकी वर्षे बँकेत होते, तेव्हा याची खरी किंमत त्यांनीच सांगावी, असा त्याचा आग्रह. मी म्हटले, बाबा रे, शंभरापैकी तीस म्हणजे आमच्या वेळी नापास! तेव्हा कळले की हे गुण शंभरापैकी नसून सत्तरांपैकी असतात. सत्तरच का, हे शोधायला गेलो आणि एका विलक्षण माणसाची गाठ पडली.

विल्यम हर्बर्ट शेल्डन. ज्यांनी कॉलेजात मानसशास्त्र घेतले असेल त्यांना हे नाव आठवेल. माणसाच्या शरीराचे गोलसर, पिळदार आणि सडपातळ असे तीन प्रकार सांगणारा तोच हा शेल्डन. 1898 साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात त्याचा जन्म झाला. वडील निसर्गप्रेमी आणि जनावरांची पैदास करणारे. चांगले जनावर कोणते आणि सुमार कोणते, हे पारखणारी नजर पोराने घरातच पाहिली असणार. पुढे शिकागोला त्याने मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, नंतर वैद्यकाची पदवीही घेतली आणि हार्वर्डला संशोधन केले.

या गृहस्थाला मोजण्याचे वेड होते. कॉलेजातल्या सुमारे चार हजार तरुणांची विवस्त्र छायाचित्रे अभ्यासून त्याने 1940 साली ग्रंथ लिहिला. प्रत्येक देहाला एक ते सातपर्यंतचे तीन आकडे द्यायचे आणि त्या आकड्यांवरून स्वभाव ओळखायचा, असा त्याचा खटाटोप. एवढ्यावर तो थांबला नाही. बॉस्टनच्या दोनशे वाट चुकलेल्या मुलांना त्याने असेच आकडे लावले. ते पुस्तक निघाले 1949 साली, आणि गंमत पाहा, त्याच वर्षी त्याचे दुसरे पुस्तक आले ते अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटवर! एका हाताने पोरांना गुण, दुसऱ्या हाताने नाण्यांना.

नाण्यांचा नाद मात्र अस्सल होता. 1793 पासूनच्या या सेंटचे साचे हाताने घडवलेले, त्यामुळे एकाच सालच्या नाण्यांतही अक्षरांत, केसांच्या बटांत बारीक फरक. हे फरक त्याने वेगळे करून त्यांना क्रमांक लावले. आजही 1814 पर्यंतचे सेंट शेल्डनच्या क्रमांकाने ओळखले जातात. किमतीसाठी त्याने युक्ती काढली. 1794 चा पार झिजलेला, जेमतेम ओळखू येणारा सेंट तेव्हा साधारण एक डॉलरला, तर उत्कृष्ट स्थितीतला सत्तर डॉलरला, असा त्याचा हिशेब. म्हणून झिजलेल्याला एक गुण, उत्कृष्टाला सत्तर. मूळ किंमत गुणिले गुण, की झाला भाव तयार. आमच्या बँकेतल्या व्याजाच्या कोष्टकासारखेच!

बाजार काही कोष्टकाने चालत नाही. उत्तम नाण्यांचे भाव गुणांच्या कितीतरी पट वर गेले आणि गुणाकार कोलमडला. मोजपट्टी तेवढी उरली. 1986 पासून व्यापारी संस्था नाणी तपासून, गुण देऊन डबीत बंद करू लागल्या, त्या याच पट्टीवर. साठाच्या वर न वापरलेली नाणी. तिथे एका गुणाने भाव दुप्पट-चौपट होऊ शकतो. आणि तरीही सारख्या गुणांची दोन नाणी सारख्या मोलाची असतीलच असे नाही. एकाचा मूळ रंग शाबूत असतो, दुसरे फिकट पडलेले असते. एक प्रकार दुर्मीळ, दुसरा पोत्याने मिळणारा. आपल्याकडे दिवाळीला लक्ष्मीपूजनाचे रुपये चिंच लावून लख्ख करतात. संग्राहकाच्या लेखी ते घासलेले नाणे, त्याचा भाव तिथेच उतरला. सांगायचे एवढेच, की आकडा बघून नव्हे, नाणे बघून किंमत करावी.

असो. शेल्डनच्या देहाच्या आकड्यांचे पुढे हसे झाले. 1950 साली सिएटलच्या विद्यापीठात एका विद्यार्थिनीच्या घरून तक्रार आली आणि तिथली छायाचित्रे जाळावी लागली. उरलेली स्मिथसोनियन संस्थेत पोचली होती. 1995 साली वृत्तपत्रातून बोभाटा झाल्यावर ती कुलूपबंद झाली. शेल्डन 1977 सालीच वारला होता.

पण खरा धक्का नाण्यांनी दिला. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीकडे 1946 साली एका उद्योगपतीने दान दिलेला सेंटचा अप्रतिम संग्रह होता. अभ्यासक म्हणून शेल्डनला तो मोकळा होता. पुढे जुनी छायाचित्रे आणि नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा लक्षात आले की चांगली नाणी गेली आहेत आणि त्यांच्या जागी त्याच प्रकारची, पण हिणकस नाणी ठेवलेली आहेत. एक-दोन नव्हे, शंभराहून जास्त. त्यातली बरीच शेल्डनने आपली म्हणून विकलेल्या संग्रहात सापडली. विसाव्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने ती संस्थेची ठरवली. नाण्यांची ओळख पटवली ती त्यांच्या अंगावरच्या ओरखड्यांनी आणि पोचांनी, ज्यांपायी शेल्डन गुण कापायचा!

हे वाचले आणि मी डबी खाली ठेवली. एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी असताना सोनेतारणाची पाकिटे माझ्या सहीने तिजोरीत जात. एका गर्दीच्या दिवशी मी पाकीट न उघडताच सही केली. वजन कागदावर होते, कस कागदावर होता. वर्षाने एक विधवा बाई कर्ज फेडून पाटल्या सोडवायला आली. वजन तंतोतंत जुळले. बाईने पाटली हातात फिरवली आणि शांतपणे सांगितले की ही तिची नव्हे. तिच्या पाटलीला जात्याच्या खुंट्याचा पोचा होता. कस लावून पाहिला, सोने हलके निघाले. बँकेने तिला पैसे भरून दिले. पाटल्या सासूच्या होत्या, त्या काही परत आल्या नाहीत. आमच्या सगळ्या आकड्यांपेक्षा तिचा एक पोचा खरा होता.

पारख करणाऱ्याच्या हाती किल्ली देऊ नये, हा बँकेतला पहिला धडा. शेल्डनच्या बाबतीत तो पाळला गेला नाही, आणि माझ्या त्या सहीच्या वेळीही नाही.

भाच्याला मी कळवले, की बाजारात याचे जे काय येईल ते येवो. भिंगातून पाहिल्यावर त्यातल्या बाईच्या गालावर एक बारीक ओरखडा दिसतो. तो मी वहीत नोंदवून ठेवला आहे. उद्या हे नाणे कुणी बदललेच, तर मला ते ओळखता येईल.