गानसम्राट अल्लादिया खाँ

ग्रामस्थ व देणगीदार यांच्या सहकार्याने आपल्या मंदिराचा जीर्णोद्धार तडीस जात आहे. नूतन सभामंडपात यापुढे भजन, कीर्तन व हौशी कलाकारांचे गायन होईल. अशा समयी करवीर नगरीचे नाव गाजविणाऱ्या एका थोर गवयाचे स्मरण करणे उचित ठरेल.

अल्लादिया खाँसाहेबांचा जन्म १८५५ साली राजस्थानातील उनियारा येथे झाला. घराणे धृपद गाणाऱ्यांचे. वडील लवकर वारले. पुढील तालीम चुलते जहांगीर खाँ यांनी दिली. तरुणपणी एका दरबारी दिवसचे दिवस गावे लागल्याने त्यांचा आवाज बसला. पूर्वीचा आवाज पुन्हा आला नाही. दुसरा कोणी तंबोरा खुंटीला टांगून बसला असता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला शोभेल अशी, लयीशी बांधलेली पेचदार गायकी अपार मेहनतीने घडविली. तीच जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी होय.

राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९५ च्या सुमारास त्यांना कोल्हापूर दरबारी आश्रय दिला. १९२२ साली महाराज निवर्तल्यावर ते मुंबईस गेले. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, तसेच पुत्र मंजी खाँ व भुर्जी खाँ यांना त्यांनी विद्या दिली. १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? एवढा मोठा गवई, परंतु बिघडलेला आवाज श्रोत्यांनी चालवून घ्यावा असे त्यांनी मानले नाही. आपण तर हौशी माणसे. पण हौशी म्हणजे बिनतयारीचा नव्हे. समोर बसलेला मनुष्य दिवसभर उसात राबून, सांजच्या धारा उरकून आलेला असतो. त्याचा वेळ फुकटचा नाही. म्हणून अभंग पाठ असावा, वहीची पाने चाळत बसू नये. पखवाजाला कणीक लावणे, तबला पेटीच्या सुरात मिळविणे ही कामे मंडळी जमण्यापूर्वीच व्हावीत. दोन चिजा बसल्या असतील तर दोनच गाव्यात आणि वेळ होताच दुसऱ्यास जागा द्यावी. श्रोत्यांनीही गाणे चालू असता मध्येच उठू नये, नवख्याला हसू नये.

मंडप दगडविटांनी उभा राहिला. त्याची शोभा राखणे आता गाणाऱ्या-ऐकणाऱ्यांच्या हाती आहे. श्रीचरणी हीच प्रार्थना.