धास्तीतून जन्मलेला वेग
व्याजाच्या हिशेबात तोच गुणाकार पुन्हापुन्हा करणारा कारकून आम्हा बँकवाल्यांना परवडत नसे. जॉन बॅकस यांनी संगणकाची नेमकी हीच खोड मोडली, म्हणून मला ते जवळचे वाटतात.

जन्म १९२४, फिलाडेल्फिया. हजेरीअभावी विद्यापीठ सुटले. पुढे गणित शिकून १९५० मध्ये ते आयबीएममध्ये लागले. माणसाने सूत्र लिहावे, कंपायलरने त्याची यंत्रभाषा करावी, हे ‘फोरट्रान’चे स्वप्न. पण असा प्रोग्रॅम हाती लिहिलेल्यापेक्षा संथ निघाला तर त्याला विचारणार कोण? या धास्तीपोटी कंपायलरलाच काटकसर शिकवली : समान हिशेब एकदाच, टाळता येणारी आकडेमोड फेऱ्यांबाहेर. १९५७ साली फोरट्रान आला. शंकेखोर हळूहळू गप्प झाले.

२००७ मध्ये बॅकस गेले. ऑप्टिमायझेशनची पातळी आज एका खुणेने निवडता येते. तिच्या मुळाशी ती धास्ती आहे.