‘सी’चा करार लिहिणारे डेनिस रिची

हातातला अँड्रॉइड मोबाइल, बँकेचा सर्व्हर, घरातला वाय-फाय राउटर या सगळ्यांच्या पोटात बहुतेक वेळा एकच गाभा काम करत असतो. त्याचे नाव लिनक्स कर्नल. यंत्राच्या सुट्या भागांशी थेट बोलणारा हा कोट्यवधी ओळींचा मजकूर मुख्यतः ‘सी’ या भाषेत लिहिलेला आहे. यंत्राला मात्र सी कळत नाही, त्याला कळतात फक्त अंकांतल्या आज्ञा. सीमधला मजकूर त्या आज्ञांमध्ये उतरवण्याचे काम कंपायलर नावाचा प्रोग्रॅम करतो. या कंपायलरच्या नव्या आवृत्त्या सतत येत राहतात. नवी आवृत्ती जास्त हुशार असते, जास्त काटेकोर असते. आणि कधीकधी वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला मजकूर तिच्या हातून वेगळाच अर्थ घेऊन बाहेर पडतो.

मग चूक कोणाची? जुन्या खरेदीखतात ‘ओढ्यापर्यंतची जमीन’ असे लिहिलेले असते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ओढा ठाऊक असतो, म्हणून वाद होत नाही. पुढे ओढा पात्र बदलतो, कागद नव्या वकिलाच्या हाती जातो, आणि मग कळते की हद्द कधी नीट लिहिलीच नव्हती. प्रोग्रॅम आणि कंपायलर यांच्यात असाच एक करार असतो. सीच्या बाबतीत तो प्रथम मनात धरला, मग चालवून पाहिला आणि शेवटी कागदावर उतरवला तो डेनिस रिची यांनी. कराराची कोणती ओळ बदलायची, कोणती चुकीची असूनही तशीच ठेवायची आणि त्याची किंमत कोणी मोजायची, हे प्रश्न त्यांच्यासमोर वारंवार आले.

डेनिस मॅकअ‍ॅलिस्टर रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ब्राँक्सव्हिल येथे झाला. वडील अ‍ॅलिस्टर रिची हे बेल लॅबोरेटरीजमध्ये शास्त्रज्ञ होते, टेलिफोनच्या स्विचिंग मंडलांचा त्यांचा अभ्यास होता. डेनिस यांचे बालपण न्यू जर्सीतल्या समिट गावात गेले. हार्वर्ड विद्यापीठातून त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि नंतर उपयोजित गणिताकडे वळले. १९६८ मध्ये पीएचडीचा प्रबंध लिहून तयार झाला, पण त्याची बांधणी केलेली प्रत काही त्यांनी विद्यापीठात जमा केली नाही. त्यामुळे पदवी राहिली ती राहिलीच. त्याआधीच, १९६७ मध्ये, ते वडिलांच्याच संस्थेत, न्यू जर्सीतल्या मरे हिल येथील बेल लॅबमध्ये रुजू झाले होते.

तिथे ‘मल्टिक्स’ नावाच्या एका महत्त्वाकांक्षी ऑपरेटिंग सिस्टीमवर काम सुरू होते. काम लांबत गेले, खर्च वाढत गेला आणि १९६९ मध्ये बेल लॅबने त्यातून अंग काढून घेतले. रिची यांचे सहकारी केन थॉम्प्सन यांनी त्याच वर्षी फारशा वापरात नसलेल्या पीडीपी-७ या छोट्या यंत्रावर स्वतःची साधी ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतली. तीच पुढे ‘युनिक्स’ झाली. ती लिहिली होती यंत्राच्या असेम्ब्ली भाषेत. ही भाषा त्या एका जातीच्या यंत्रापुरती असते. यंत्र बदलले की सगळे पुन्हा पहिल्यापासून लिहायचे.

वरच्या स्तरावरच्या कामासाठी थॉम्प्सन यांनी ‘बी’ नावाची एक छोटी भाषा केली होती. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांच्या ‘बीसीपीएल’वरून ती बेतलेली होती. बीमध्ये माहितीला प्रकार नव्हता. अक्षर असो, संख्या असो की स्मृतीतला पत्ता असो, सगळे एकाच मापाच्या खणात बसायचे. नवे पीडीपी-११ यंत्र आले तेव्हा हे जमेनासे झाले, कारण त्यात अक्षरासाठी लहान खण होता आणि संख्येसाठी मोठा. रिची यांनी १९७१ पासून बीमध्ये प्रकार घालायला सुरुवात केली आणि तिचा कंपायलर नव्याने लिहिला. १९७२ हे त्या कामाचे सर्वांत भराचे वर्ष. त्यातून जी भाषा उभी राहिली तिला सी हे नाव मिळाले.

त्याच वर्षी थॉम्प्सन यांनी युनिक्सचा गाभा सीमध्ये उतरवून पाहिला, पण तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. चालू असलेल्या प्रत्येक कामाची नोंद गाभ्याला ठेवावी लागते: त्याचा क्रमांक, स्मृतीतली जागा, उघडलेल्या फाइली. अशा निरनिराळ्या प्रकारच्या गोष्टी एकत्र बांधून ठेवण्याची सोय तेव्हाच्या सीमध्ये नव्हती. रिची यांनी भाषेत ‘स्ट्रक्चर’ आणले, कंपायलरला ते शिकवले, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात गाभा सीमध्ये लिहून झाला. तेव्हापासून हे दोघे जोडीने वाढू लागले. गाभ्याला काही अडले की कंपायलर बदलायचा, आणि कंपायलर बदलला की गाभ्यातल्या ओळी पुन्हा तपासायच्या.

या जोडीतला पहिला धडा एका चिन्हाने दिला. एखाद्या संख्येतून दुसरी वजा करण्यासाठी बीमध्ये आधी बरोबरचे चिन्ह आणि मग उणे असा क्रम होता, आणि तो सीमध्येही आला. आता ‘क=-१०’ असे लिहिले तर त्याचा अर्थ काय? ‘क’मधून दहा वजा करा, की ‘क’ची किंमत उणे दहा करा? माणूस एक समजायचा आणि कंपायलर दुसरे. १९७६ मध्ये हा क्रम उलटा केला गेला, आणि आज प्रत्येक विद्यार्थी तो उलटा क्रमच शिकतो. भाषेचे वापरकर्ते तेव्हा मोजके होते, म्हणून ही दुरुस्ती झेपली.

दुसरी एक त्रुटी मात्र राहून गेली. ‘आणि’ या अर्थाच्या एका चिन्हाचा क्रम, म्हणजे गणितात गुणाकार आधी की बेरीज आधी तसा नियम, बीमधून जसाच्या तसा घेतला होता. नंतर भाषेत नवे चिन्ह आल्यावर जुन्याचा क्रम बदलायला हवा होता. पण जुने प्रोग्रॅम सीमध्ये आणताना त्रास कमी व्हावा म्हणून तो तसाच ठेवला. तो आजही तसाच आहे, आणि कंसाच्या एका जोडीअभावी नवखे प्रोग्रॅमर आजही त्यात अडकतात. हाताशी असलेले प्रोग्रॅम वाचवण्याची किंमत पुढच्या सगळ्यांनी मोजली, हे रिची यांनी स्वतः नंतर मोकळेपणाने मांडले.

१९७७ मध्ये मोठी परीक्षा आली. रिची, थॉम्प्सन आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी युनिक्स इंटरडेटा ८/३२ या अगदी वेगळ्या यंत्रावर न्यायचे ठरवले. पीडीपी-११ सोळा बिटांचे, हे बत्तीस बिटांचे. शब्दातले लहान खण मांडण्याचा क्रमही वेगळा. जॉन्सन यांनी त्यासाठी नवा, सहज दुसऱ्या यंत्रावर नेता येईल असा कंपायलर लिहिला. आता तोच जुना मजकूर पहिल्यांदाच परक्या नजरेखाली आला. संख्या आणि पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याची पर्वा न करता लोकांनी दोन्ही एकमेकांच्या जागी वापरल्या होत्या. जुना कंपायलर त्याकडे काणाडोळा करत असे. नव्या यंत्रावर ती सवलत धोक्याची ठरू लागली.

उपाय दोन बाजूंनी झाला. भाषेत प्रकार बदलण्याची स्पष्ट सूचना देण्याची सोय आली, चिन्हविरहित संख्यांचा प्रकार आला. दुसरीकडे, कंपायलरला चालणाऱ्या पण संशयास्पद असणाऱ्या ओळी शोधून दाखवणारे ‘लिंट’ नावाचे वेगळे साधन जॉन्सन यांनी तयार केले. जुना प्रोग्रॅम एकदम नाकारायचा नाही, पण त्यातली भेग लपवायचीही नाही, अशी ही वाट होती. १९७८ मध्ये ब्रायन कर्निघन आणि रिची यांचे सीवरचे पुस्तक निघाले आणि पुढची दहा वर्षे तेच भाषेचे नियमपुस्तक मानले गेले.

पण पुस्तक म्हणजे कायदा नव्हे. सीचे कंपायलर अनेक कंपन्या विकू लागल्या आणि पुस्तकातल्या मोकळ्या जागा प्रत्येकाने आपापल्या परीने भरल्या. १९८३ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने त्यासाठी समिती नेमली. त्याच वर्षी थॉम्प्सन आणि रिची यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

समितीपुढच्या एका प्रश्नातून गाभा आणि कंपायलर यांचे नाते नीट कळते. डिस्कने माहिती आणली का, हे पाहण्यासाठी गाभा स्मृतीतला एक ठरावीक पत्ता पुन्हा पुन्हा वाचत राहतो. तयारी झाली की डिस्क तिथला आकडा बदलते. जुना साधा कंपायलर प्रत्येक वेळी खरोखरच तो पत्ता वाचायचा. नव्या हुशार कंपायलरला मात्र दिसते की या प्रोग्रॅममधली एकही ओळ तो आकडा बदलत नाही. मग पुन्हा पुन्हा वाचायचे कशाला? तो एकदाच वाचतो आणि गाभा कायमचा वाट पाहत बसतो. डिस्क नावाची तिसरी व्यक्ती व्यवहारात आहे हे करारात लिहिलेलेच नव्हते. मानकात ‘व्होलटाइल’ हा शब्द आला तो यासाठी: हा आकडा बाहेरून बदलू शकतो, दर वेळी ताजा वाच, असे कंपायलरला बजावण्यासाठी.

रिची समितीच्या रोजच्या कामात नव्हते. पण मसुदा जवळजवळ पूर्ण झाल्यावर त्यात ‘नोएलियस’ नावाचा एक नवा शब्द शिरला, तेव्हा त्यांनी १९८८ मध्ये लेखी विरोध नोंदवला. स्मृतीतल्या एका जागेला दुसरे नाव नाही असे कंपायलरने धरून चालावे आणि प्रोग्रॅम वेगवान करावा, असा त्या शब्दामागचा हेतू. पण नियम अशा रीतीने लिहिला होता की सरळ, बरोबर दिसणारे प्रोग्रॅमही त्याच्या सापळ्यात सापडले असते. कंपायलरला अशी मोकळीक दिली की चुकीचा शोध घेणे माणसाच्या आवाक्याबाहेर जाते, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा. शब्द मागे घेतला गेला. १९८९ च्या अखेरीस मानक मंजूर झाले. तोच हेतू साधणारा, पण जास्त काळजीपूर्वक बांधलेला दुसरा शब्द पुढे १९९९ च्या मानकात आला.

आपल्याकडच्या अनेकांना या कथेचा एक तुकडा न कळत ठाऊक आहे. अभियांत्रिकी आणि बीसीएच्या प्रयोगशाळांमध्ये निळ्या पडद्याच्या टर्बो सीवर कित्येक पिढ्या शिकल्या. तो कंपायलर १९८७ चा, म्हणजे मानकाच्याही आधीचा. तिथे पाठ केलेले प्रोग्रॅम आजच्या कंपायलरला दिले की तक्रारींची यादी येते. विद्यार्थ्याला वाटते नवा कंपायलर बिघडला आहे. खरे तर त्याने शिकलेल्या बऱ्याच गोष्टी त्या एका कंपायलरच्या सवयी होत्या, सीचे नियम नव्हते.

रिची पुढेही बेल लॅबमध्येच राहिले. ‘प्लॅन ९’ आणि ‘इन्फर्नो’ या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कामात त्यांचा सहभाग होता. स्वभावाने अबोल, प्रसिद्धीपासून दूर. २००७ मध्ये ते निवृत्त झाले, २०११ मध्ये थॉम्प्सन यांच्यासह त्यांना जपान प्राइझ मिळाले. तोवर प्रोस्टेटचा कर्करोग आणि हृदयविकार यांनी प्रकृती खालावली होती. १२ ऑक्टोबर २०११ रोजी बर्कले हाइट्स येथील घरी ते मृतावस्थेत आढळले. ते सत्तर वर्षांचे होते आणि एकटे राहत. आठवडाभर आधी स्टीव्ह जॉब्ज यांचे निधन झाले होते आणि वर्तमानपत्रांची पाने त्याच बातमीने भरलेली होती. जॉब्ज यांच्या आयफोनमधली प्रणालीही युनिक्सच्याच वंशातली.

करार मात्र अजून लिहिला जातो आहे. २००९ मध्ये लिनक्सच्या एका ड्रायव्हरमध्ये असे दिसले की पत्ता रिकामा आहे का याची तपासणी होती, पण तो पत्ता वापरल्यानंतरच्या ओळीवर. कंपायलरने तर्क केला: वापर झाला आहे, अर्थात पत्ता रिकामा नाही, मग तपासणी अनावश्यक. त्याने ती काढून टाकली आणि घुसखोराला दार उघडे झाले. भाषेच्या नियमाने कंपायलर बरोबर होता. दुरुस्ती झाली ती मजकुरातही आणि अशी तपासणी काढू नये ही सूचना कंपायलरला देऊनही. १९८९ च्या सीवर अनेक वर्षे चाललेला लिनक्सचा गाभा २०२२ मध्ये २०११ च्या सीवर गेला. २०२४ मध्ये जीसीसी या प्रमुख कंपायलरच्या चौदाव्या आवृत्तीने, फंक्शन आधी जाहीर न करता वापरण्याची सीच्या बाल्यापासूनची सवलत बंद केली. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर त्या सवलतीमुळे पत्त्याचा अर्धा भाग गळून पडू शकतो, हे त्यामागचे एक कारण. कितीतरी जुन्या प्रोग्रॅमांची त्यासाठी डागडुजी करावी लागली.

हे काम कोणाच्या नजरेत येत नाही. मोबाइल अपडेट होतो, पूर्वीसारखाच चालतो, आणि काही घडले असे आपल्याला वाटत नाही. ते तसे वाटावे म्हणून कोणीतरी जुनी ओळ उघडून विचारलेले असते की हा नियम होता की नुसती सवय. हा प्रश्न रिची यांना स्वतःच्याच भाषेला विचारावा लागला होता, १९७७ मध्ये, दुसऱ्या यंत्रासमोर बसून.