पाळण्याचा भार वाटून घेणारी : आल्वा मिर्दाल



संक्रांतीनंतर आपल्या मंडळात दरवर्षी बोरन्हाण होते. पूर्वी एकेका वेळी दहाबारा बाळे पाटांवर बसत आणि बोरे, चुरमुरे वेचायला मोठ्या मुलांची झुंबड उडे. अलीकडे बोरन्हाणासाठी बाळ शोधावे लागते, आणि जमतात त्या आज्याच अधिक. घरोघरी आपण सुनांना नि लेकींना विचारतो, गोड बातमी कधी? पण ती कामावर गेल्यावर बाळाला कोण सांभाळील, हा पुढचा प्रश्न आपल्या तोंडून सहसा निघत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील एका स्त्रीमागे मुलांची सरासरी १.७ भरली. लोकसंख्या आहे तेवढी राहायची, तर ती २.१ च्या जवळपास असावी लागते. म्हणजे हा प्रश्न आता दूरच्या देशांचा उरलेला नाही.

तो पुढचा प्रश्न एका सबंध देशाला विचारायला लावणारी एक स्त्री स्वीडनमध्ये होऊन गेली. तिचे नाव आल्वा मिर्दाल. शांततेचे नोबेल पारितोषिक मिळालेली विदुषी म्हणून तिचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. पण तिच्या आयुष्याचा पूर्वार्ध पाळणाघरे, बाळंतपणे आणि नोकरदार आया यांच्या चिंतेत गेला, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

आल्वाबाईंचा जन्म ३१ जानेवारी १९०२ रोजी उप्साला येथे झाला. माहेरचे आडनाव रायमर. पाच भावंडांत त्या थोरल्या. वडील घरे बांधण्याचा व्यवसाय करीत, सहकारी चळवळीत आणि समाजवादी पक्षात त्यांना रस होता. पुढे कुटुंब एस्किल्स्टूना गावाकडे राहायला गेले. मुलीला शिकायची विलक्षण हौस. पण गावातल्या सरकारी उच्च शाळेत मुलींना प्रवेश नव्हता. आल्वाने कचेरीत नोकरी धरली आणि चार पैसे गाठीला बांधले. अखेर वडिलांनी खटपट करून मुलींसाठी खासगी वर्ग सुरू करविले आणि १९२२ साली ती परीक्षा उत्तीर्ण झाली. सतराव्या वर्षी सायकलीवरून फिरायला निघालेला एक विद्यार्थी त्यांच्या शेतावर उतरला होता. तो गुन्नार मिर्दाल. १९२४ साली दोघांचे लग्न झाले. पुढे तो अर्थशास्त्रज्ञ म्हणून जगभर नावाजला, आणि आल्वाबाईंनी मानसशास्त्र व बालशिक्षण हे आपले विषय निवडले.

१९३० नंतरचा काळ मोठा कठीण होता. मंदीने बेकारी वाढलेली, शहरांत एकेका खोलीत पाचसहा माणसे राहत. लोकांनी मुले होऊ देणेच कमी केले. १९३४ साली साऱ्या स्वीडनमध्ये सुमारे ८५ हजार मुले जन्मली. दर हजार माणसांमागे हे प्रमाण चौदासुद्धा नव्हते, आणि त्या काळी युरोपात याहून कमी प्रमाण क्वचितच आढळे. पुढे म्हातारी माणसे वाढणार आणि त्यांना पोसणारे तरुण हात घटणार, ही भीती सर्वांना वाटू लागली. काहींचा उपाय सोपा होता : बायकांनी घरी बसावे आणि मुले वाढवावीत. संततिनियमनाच्या माहितीचा प्रसार करण्यावर १९१० पासून कायद्याने बंदी होतीच.

त्याच १९३४ साली मिर्दाल दांपत्याने लोकसंख्येच्या संकटावर पुस्तक लिहिले आणि देशभर एकच चर्चा उडाली. पुस्तक बाहेर पडले तेव्हा आल्वाबाईंना दिवस भरत आले होते. डिसेंबरात त्यांची थोरली मुलगी सिसेला जन्मली. पुस्तकातील विचार असा होता : मूल नको असताना होऊ नये, म्हणून संततिनियमनाची माहिती सर्वांना मिळावी. आणि मूल हवे असताना पैशाअभावी किंवा नोकरीपायी नाकारावे लागू नये, म्हणून त्याच्या पालनपोषणाचा भार साऱ्या समाजाने उचलावा. म्हातारपणी आपल्याला सांभाळणारी पिढी ही सगळ्यांचीच असते, मग तिला वाढवण्याचा खर्च एकट्या आईबापांच्या माथी का, हा त्यांचा रोकडा हिशेब होता. आईच्या हातावर नुसते पैसे ठेवण्यापेक्षा दवाखाना, राहायला चांगली जागा, शाळेतले जेवण आणि पाळणाघर द्यावे, असे त्यांचे मत होते.

हे पुस्तक कपाटात पडून राहिले नाही. १९३५ साली सरकारने लोकसंख्या आयोग नेमला आणि गुन्नार त्यात सभासद झाले. १९३७ साली बाळंतिणींना सरकारी मदत सुरू झाली आणि बाळंतपणाची विनामूल्य सोय करण्यात आली. गरोदर स्त्रिया व तान्ही मुले यांच्यासाठी दवाखाने निघाले. १९३८ साली नव्या जोडप्यांना संसार मांडायला कर्ज मिळू लागले आणि संततिनियमनावरची बंदी उठली. ज्यांना मुले अधिक, त्यांना भाड्यात सूट देणाऱ्या चाळी बांधल्या गेल्या. त्या काळी लोक थट्टेने मूल होण्याच्या क्रियेलाच मिर्दाल यांचे नाव देऊन मोकळे झाले होते! १९४८ पासून प्रत्येक मुलामागे, घर गरीब असो वा श्रीमंत, सरकारी भत्ता मिळू लागला.

आल्वाबाईंचे स्वतःचे मोठे काम झाले ते नोकरदार स्त्रियांच्या बाबतीत. मंदीमुळे लग्न झालेल्या बायकांना नोकऱ्यांतून काढून त्या जागा पुरुषांना द्याव्यात, अशी मागणी जोरात होती. तिचा विचार करायला एक समिती नेमली गेली. अध्यक्ष होत्या स्वीडनच्या संसदेतील पहिल्या स्त्री सभासदांपैकी एक, केर्स्टिन हेसेलग्रेन, चिटणीस आल्वाबाई. त्यांनी प्रश्नच उलटा करून टाकला. लग्न झालेल्या बाईला नोकरी करण्याचा हक्क आहे का, असे विचारण्यापेक्षा नोकरी करणाऱ्या बाईला लग्न करण्याचा आणि आई होण्याचा हक्क आहे की नाही, हे आधी सांगा, असा त्यांचा रोख होता. लग्न केले की नोकरी जाणार असेल, तर मुली लग्न लांबवतील आणि मूल त्याहून लांबवतील, हे त्यांनी नीट पटवून दिले. १९३९ साली कायदा झाला : वाङ्‌निश्चय, लग्न किंवा बाळंतपण या कारणाने मालकाला स्त्रीला कामावरून काढता येणार नाही.

याच्या जोडीला त्यांनी १९३६ साली स्टॉकहोममध्ये बालशिक्षिका तयार करणारी संस्था काढली आणि १९४८ पर्यंत ती चालवली. पाळणाघर म्हणजे मुले कोंडून ठेवायची जागा नव्हे. तेथे शिकलेल्या बाया हव्यात, खेळणी हवीत, मोकळे अंगण हवे, असा त्यांचा कटाक्ष असे. वास्तुशिल्पी स्वेन मार्केलियस यांच्याबरोबर विचार करून १९३५ साली स्टॉकहोममध्ये एक नवीन तऱ्हेची इमारत उभी राहिली. तळमजल्यावर सर्वांचे स्वयंपाकघर आणि बालगृह, वरती छोटी बिऱ्हाडे; जेवण लहानशा पाळण्यातून वर चढे. मात्र आल्वाबाई स्वतः त्या इमारतीत राहिल्या नाहीत. मार्केलियस यांनीच त्यांच्यासाठी स्वतंत्र घर बांधले.

येथे एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. जे आईबाप होण्यास नालायक ठरतील त्यांची शस्त्रक्रिया करून संतती बंद करावी, या मताला त्या काळी पुष्कळ सुधारकांचा पाठिंबा होता आणि मिर्दाल दांपत्याचाही होता. १९३४ आणि १९४१ च्या कायद्यांखाली १९७५ पर्यंत सुमारे ६३ हजार जणांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या आणि कितीतरींची खरी संमती नव्हती. १९९९ साली स्वीडनच्या सरकारने भरपाई देण्याचे ठरविले. मूल आईच्या इच्छेने व्हावे असे सांगणाऱ्यांनीच काही जणींच्या इच्छेला किंमत दिली नाही, ही मोठी चूक होती.

घरातही सारे गोड नव्हते. थोरला मुलगा यान दोन वर्षांचा असताना आईबाप शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले आणि तो आजीआजोबांकडे राहिला. महायुद्धाच्या काळातही यान, सिसेला आणि धाकटी काय या तिन्ही मुलांना मागे ठेवून आल्वाबाई काही काळ पतीकडे अमेरिकेत होत्या. पतीची कीर्ती, घर, मुले आणि स्वतःचे काम यांची ओढाताण त्यांना चुकली नाही. १९८२ साली यानने आपल्या बालपणावर पुस्तक लिहून आईला बोल लावला. त्याच वर्षी आल्वाबाईंना नोबेल मिळाले. पुढे सिसेलाने मात्र आईचे चरित्र मायेने लिहिले. दोन मुलांनी एकच आई दोन तऱ्हांनी पाहिली. कुणी खरे, कुणी खोटे हे आपण ठरवू नये. दुसऱ्यांच्या मुलांसाठी पाळणाघरे मागणाऱ्या या बाईलासुद्धा घरी पुरेसा हातभार नव्हता, एवढे मात्र दिसते.

१९४९ नंतर त्या संयुक्त राष्ट्रसंघात आणि मग पॅरिसला युनेस्कोत मोठ्या पदांवर होत्या. १९५५ च्या अखेरीस त्या आपल्या दिल्लीत स्वीडनच्या राजदूत म्हणून आल्या आणि १९६१ पर्यंत राहिल्या. पंडित नेहरूंशी त्यांचा चांगला स्नेह जमला. येथे त्यांना आपल्या देशाच्या अगदी उलटा प्रश्न दिसला : पाळणे थोडे नव्हेत, फार होते. पण त्यांचे सूत्र येथेही बदलले नाही. मूल आईच्या इच्छेने व्हावे आणि झालेले मूल जगावे. सिलोनचा कारभारही त्यांच्याकडेच होता. १९५८ साली स्वीडनने सिलोनशी कुटुंबनियोजनाच्या मदतीचा करार केला. एका सरकारने दुसऱ्याला अशी मदत देण्याचा जगातील तो पहिलाच प्रसंग.

दिल्लीत असतानाच, १९५६ साली, व्हायोला क्लाइन यांच्यासह लिहिलेले त्यांचे स्त्रियांच्या दुहेरी भूमिकेवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. आयुर्मान वाढले आहे. धाकटे मूल शाळेत जाऊ लागले तरी बाईपुढे पंचवीसतीस वर्षे कामाची उरतात. म्हणून शिक्षण, मुले आणि पुन्हा काम असा आयुष्याचा क्रम लावता यावा, आणि समाजाने त्याला जागा ठेवावी, हा त्याचा सारांश.

पुढे त्या संसदेत निवडून आल्या, मंत्री झाल्या आणि १९६२ पासून जिनिव्हाला शस्त्रकपातीसाठी झगडल्या. अखेरच्या आजारात त्यांची वाचा फार मंदावली. १ फेब्रुवारी १९८६ रोजी, चौऱ्याऐंशी वर्षे पुरी होऊन एकच दिवस झाला असता, त्यांचे निधन झाले.

मग एवढे करून स्वीडनचे पाळणे भरले का? १९४५ साली तेथे सुमारे १ लाख ३५ हजार मुले जन्मली, पण ती वाढ युद्धकाळात इतर काही देशांतही दिसली. १९७४ साली आईबरोबर बापालाही बाळासाठी पगारी रजा देणारा स्वीडन जगातील पहिला देश ठरला. तरीही २०२३ साली तेथील एका स्त्रीमागे मुलांची सरासरी १.४५ च्या आसपास उतरली होती. तेव्हा सोयी केल्या की मुले होतातच, असा सौदा नाही. पण त्या सोयींमुळे तेथे बाई आई झाली म्हणून नोकरीला मुकत नाही आणि मूल झाले म्हणून घर दारिद्र्यात बुडत नाही. हे फळ लहान आहे काय?

आपल्याकडे २०१७ पासून बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली आणि ५० वा अधिक माणसे कामाला असतील तेथे पाळणाघराची सोय करणे कायद्याने आले. पण आपल्या गल्लीत भाजी विकणारी, चार घरची धुणीभांडी करणारी आणि छोट्या दुकानात उभी राहणारी यांना या कायद्याचा आधार पोचत नाही. मंडळाची खोली दुपारी बंद असते. आपल्यापैकी पुष्कळ जणींना दुपारचा वेळ आहे आणि मुले वाढवल्याचा अनुभव आहे. त्या खोलीत चारपाच बाळांची सोय झाली, तर सूनबाईंना गोड बातमी विचारण्याआधी आपण निदान दोरीला हात तरी लावला असे होईल.