सम्राट अशोक : स्वतःचे मन तपासणारा राजा

अशोकचक्र राष्ट्रध्वजावर आहे, चार सिंहांची मुद्रा नोटेवर आहे आणि अशोक विजयादशमी तर आपल्या घराघरांत आहे. तरीपण आपल्या पोरांना विचारा, ती एवढेच सांगतात की राजाने लढाई केली, रक्त पाहिले आणि तो बौद्ध झाला. इतके सोपे ते नव्हते. रागीट माणूस एका दिवसात निवळत नाही, हे आम्ही साच्यावर उभे राहून स्वतःवरूनच शिकलो आहोत.

अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू, बिंदुसाराचा मुलगा. इ.स.पू. २६८ च्या सुमारास पाटलिपुत्राला त्याचा राज्याभिषेक झाला. तरुणपणच्या चंडाशोकाच्या भयंकर कथा मागाहूनच्या ग्रंथांत आहेत. त्या आम्ही बाजूला ठेवतो, कारण त्याने स्वतः दगडावर कोरून ठेवले ते त्याहून मोठे आहे.

अभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर त्याने कलिंग जिंकले. दीड लाख माणसे धरून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मागाहून मेली. हे आकडे शत्रूने लिहिलेले नाहीत, जिंकणाऱ्यानेच तेराव्या शिलालेखात दिले आहेत. नुसते मेलेले मोजून तो थांबला नाही. जे वाचले त्यांच्या मित्रांवर, नातेवाईकांवर काय गुदरले, तेही त्याने मांडले आणि आपल्याला पश्चात्ताप होतो असे जाहीर केले. मात्र कलिंगातल्याच धौली आणि जौगड इथे हा लेख कोरलेला नाही. ज्यांची माणसे मेली त्यांना तो वाचायला नको होता. आम्हाला यात राजकारण दिसते, लाजही दिसते.

उपासक झाल्यावर काय? अडीच वर्षांहून जास्त काळ आपण उपासक आहोत, पण पहिल्या वर्षात काही नेटाने केले नाही, संघाजवळ गेल्यावर खरा जोर धरला, अशी कबुली त्याने लघुशिलालेखात दिली आहे. आपल्यात कोण असे बोलून दाखवतो हो? दीक्षा घेतली की झाले, असेच आपण धरून चालतो.

मुदपाकखान्याचेही तसेच. पूर्वी तिथे रोज लाखो जीव मारले जात. लेख लिहिला तेव्हा ते तिनावर आले होते, दोन मोर आणि एक हरीण, हरीणही रोज नाही. पुढे तेही बंद करू, असे त्याने लिहिले. जेवढे सुटले तेवढेच सुटले म्हणून सांगितले.

धौलीला त्याने वेगळा लेख कोरला, तो तोसलीच्या अंमलदारांसाठी. कारण नसताना माणसे तुरुंगात पडतात, छळली जातात, ती का? मत्सर, राग, निष्ठुरपणा, घाई, आळस आणि थकवा यांमुळे, असे त्याने एकेक नाव घेऊन सांगितले. थकवा सुद्धा! पाळी संपवून घरी आल्यावर कारभारणीवर ओरडताना आम्ही हा थकवा कधी ओळखला नाही, तिचीच चूक धरली. साच्यावर धागा तुटला तर तो वेळीच दिसला पाहिजे, नाहीतर दोष कापडात उतरत जातो. तुटलेला धागा आम्हाला लांबून दिसायचा, स्वतःचा राग दिसायचा नाही.

पुढे स्तंभलेखांत तर तो आणखी आत गेला. माणसाला आपले चांगले काम दिसते, वाईट दिसत नाही आणि हे पाहणे फार अवघड आहे, असा त्याचा आशय. क्रोध, गर्व, ईर्ष्या आपल्याला कुठे नेतात ते बघा, असे त्याने लोकांना बजावले. हे स्तंभलेख अभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षाच्या सुमाराचे आहेत. म्हणजे कलिंगानंतर अठरा वर्षांनीसुद्धा हा माणूस मनाचा हिशेब मांडतच होता.

त्याला देव करू नये. फाशीची शिक्षा त्याने ठेवलीच, फक्त तीन दिवसांची सवलत दिली. ज्या लेखात पश्चात्ताप, त्याच लेखात जंगलातल्या लोकांना ताकदीची आठवणही दिली.

इ.स.पू. २३२ च्या सुमारास तो वारला. त्याची लिपी पुढे लोक विसरून गेले, ती १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने वाचली. आपल्या मुंबईजवळ सोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. शिकारीच्या सहली सोडून राजा अभिषेकाच्या दहाव्या वर्षी बोधिवृक्षाकडे गेला, हा त्या लेखाचा विषय. विरारची गाडी धरली की नालासोपारा येतो. आपण त्या वाटेने कितीदा गेलो आणि उतरलो नाही.