डॉ. ल्युसी विल्स : गरोदर मातेच्या ताटाचा शोध घेणारी संशोधक

गरोदर बाई पांढरीफटक पडली, तिला धाप लागली आणि बाळंतपणात ती दगावली की आजही म्हटले जाते, तिच्या नशिबात तेवढेच होते. मरण असे नशिबाच्या खात्यावर टाकले की कोणालाच जाब विचारता येत नाही. परंतु हे दुखणे नशिबातून नव्हे तर रिकाम्या ताटातून येते, हे विज्ञानाच्या कसोटीवर दाखवणारी एक स्त्री आपल्या मुंबईत काम करून गेली. तिच्या शोधातून निघालेली गोळी आपल्या लेकी-सुनांच्या हाती पोहोचली, तिचे नाव मात्र पोहोचले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

ल्युसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील सटन कोल्डफील्ड येथे झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्राचा अभ्यास केला. १९११ साली परीक्षा झाली, पण पदवी मिळाली नाही. कारण एकच, त्या स्त्री होत्या! स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला केंब्रिजला १९४८ साल उजाडावे लागले. ज्ञानाच्या दाराशी पहारे बसवणारे केवळ आपल्याच देशात नव्हते. विल्स मात्र थांबल्या नाहीत. १९१५ साली लंडनमध्ये स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला आणि १९२० साली त्या डॉक्टर झाल्या.

१९२८ साली मातामृत्यूंच्या चौकशीच्या कामासाठी त्या भारतात आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम सुरू केले. गरोदरपणात होणाऱ्या एका घातक रक्तक्षयाचे कारण कोणालाच उमगत नव्हते. विल्स यांनी प्रयोगशाळेत रक्त तपासले, तसेच या स्त्रिया काय खातात आणि कशा राहतात याचीही पाहणी केली. मेहता आणि तळपदे हे त्यांचे भारतीय सहकारी होते. ज्यांचा आहार सर्वांत निकस, त्यांनाच हा आजार सर्वाधिक, असे त्यांना आढळले. मुंबईतील गरीब मुस्लिम स्त्रिया त्यात पुढे होत्या. मग तसाच निकस आहार प्रयोगातील प्राण्यांना देऊन पाहिला आणि त्यावर उपाय शोधला. तो सापडला मार्माइट या स्वस्त पदार्थात. मार्माइट म्हणजे बिअर बनवताना उरलेल्या यीस्टचा अर्क. तो दिल्यावर आजारी स्त्रियांचे रक्त सुधारू लागले. १९३१ साली हे संशोधन ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. यीस्टमधील त्या अज्ञात घटकाला पुढे विल्स फॅक्टर म्हटले गेले. तेच आजचे फोलेट. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले. १९४५ साली अमेरिकेत फॉलिक अॅसिड कृत्रिमरीत्या तयार झाले, त्या कामात आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. अविवाहित राहून विज्ञानाला वाहून घेतलेल्या विल्स अखेरच्या वर्षांत लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

विल्स मुंबईत आल्या त्याच १९२८ सालच्या जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई विधिमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली कायदा झाला. एकीकडे प्रयोगशाळा आणि दुसरीकडे विधिमंडळ, दोन्हीकडे प्रश्न कष्टकरी मातेच्या जगण्याचाच होता.

आज आमच्या भिंगारमध्ये आशाताई गरोदर भगिनीच्या हातावर लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी ठेवते. ती नियमित घेतलीच पाहिजे. पण गोळी म्हणजे जेवण नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील शंभरपैकी बावन्न गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००८ साली आणखी एक इशारा दिला. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा प्रभाव कमी पडत होता. हीच मधुमेहाची वाट! बी-१२ मिळते ते दूध, अंडी, मासे, मटणातून. म्हणजे प्रश्न पुन्हा ताटाशीच येऊन थांबतो.

आम्ही कायद्याचे अभ्यासक म्हणून सांगतो, हे ताट कोणाची मेहेरबानी नाही. संविधानाच्या अनुच्छेद ४२ मध्ये प्रसूती साहाय्य आणि अनुच्छेद ४७ मध्ये पोषणमान उंचावणे हे राज्याचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर मातेला अंगणवाडीतून मोफत आहार आणि किमान ६,००० रुपये देऊ केले. २०१७ च्या मातृवंदना योजनेत मात्र पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपयेच ठेवले गेले. हजार रुपये गेले कुठे? पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोड भगिनी पोटात बाळ घेऊन फडात मोळ्या उचलते, तिच्या विश्रांतीचा हिशेब कोण मांडणार?

मातामृत्यूचे खापर नशिबावर फोडणे आपण सोडले पाहिजे. अंगणवाडीत आहार येतो का, तो कोणापर्यंत पोहोचतो, हे वस्तीतल्या सुशिक्षित तरुणांनी दरमहा जाऊन विचारावे आणि उत्तर मिळाले नाही तर लेखी मागावे. डॉ. विल्स यांना हीच खरी आदरांजली ठरेल.